काचनळीचा पाठ

एकोणीसशे एकोणसाठ साल. आर्णीपलीकडच्या सावळदरी गावातल्या मिडल शाळेला त्या वर्षी वेळापत्रकात एक नवा तास मिळाला: शिवणकाम व भरतकाम, इयत्ता सातवी, मुलगे आणि मुली दोघांसाठी. हुकूम वरून आला होता. हुकमामागोमाग सुया आल्या, दोऱ्याची रिळं आली, मांजरपाटाचा एक तागाही आला. शिकवणारं माणूस तेवढं कोणी पाठवलं नाही.

हेडमास्तर बशीर खाँ यांच्या मते ते पाठवायची गरजच नव्हती. शाळेत बाई होत्या. एकच होत्या, पण होत्या.

"सत्यशीलाबाई, शिवनाचा तास तुमच्याकडं," दिवाळीची सुटी संपली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. "विज्ञान मी पाहून घेईन."

सत्यशीला ठमके यवतमाळची. नुकतंच ट्रेनिंग संपलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात उत्साह. 'सांगून शिकवू नये, करून शिकवावं' हे वाक्य तिच्याकडून ट्रेनिंगमध्ये इतक्यांदा लिहून घेतलं होतं की ते झोपेतही तिच्या तोंडून यायचं. सावळदरीला येताना तिच्या ट्रंकेत पातळं दोनच होती. बाकी जागा लोहचुंबक, भिंगं, रबरी नळ्या आणि मेणबत्त्यांनी अडवली होती.

"साहेब, मी विज्ञान शिकवायला आले आहे."

"ते खरं. पन सुई कोन धरंल?"

"कोणीही धरा. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

"बाईमानसाले सुई येत नाई?"

"मग पुरुषमाणसाला येते का?"

हेडमास्तरांनी टेबलावरची घंटा उचलून पुन्हा तिथंच ठेवली.

कारण त्यांना येत होती. चांगलीच येत होती. त्यांचे अब्बा हाफिज मियाँ आर्णीच्या बाजारात कपडे शिवत. पोरं नदीवर डुंबायला जात तेव्हा लहानगा बशीर दुकानाच्या फळीवर मांडी घालून काजं करत बसलेला असे. ईद आली की गावाच्या अंगावर नवे कपडे चढत आणि बशीरच्या बोटांना नवी भोकं पडत. तो शिकला, मास्तर झाला, हेडमास्तर झाला, ते सगळं सुईपासून लांब लांब पळत. सावळदरीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये म्हणून ते सदऱ्याचं बटण तुटलं तर तिथं टाचणी लावून हिंडत, पण सुई हातात घेत नसत.

असे दोघे एकाच सुईपासून पळणारे, आणि शाळेत पळायला जागा कमी. रोज मधल्या सुटीत वाद व्हायचा. शेवटी शाळा तपासणारे डिप्टीसाहेब शुक्रवारी येत असल्याचा निरोप आला, तेव्हा हेडमास्तरांनी तोड काढली.

"शुक्रवारी साहेबापुढं सातवीवर तुमचा एक पाठ होऊन जाऊ द्या. पाठ जमला तं विज्ञान तुमचं. फसला तं शिवन तुमचं. साहेब जे लिहून जाईन ते पक्कं."

"आणि जमला तर शिवण कोणाचं?"

"ते मंग पाहू," असं म्हणून हेडमास्तर पाणी प्यायला उठले.

सत्यशीलानं दोन रात्री विचार करून पाठ ठरवला. आरशाच्या तीन लांब पट्ट्या आतल्या बाजूला तोंड करून त्रिकोणी बांधायच्या, वरून पुठ्ठ्याची नळी गुंडाळायची, टोकाशी रंगीत मणी आणि बांगड्यांचे तुकडे भरायचे. नळी डोळ्याला लावून फिरवली की आत रांगोळ्याच रांगोळ्या. पुस्तकात याला शोभादर्शक म्हटलं होतं. सातवीच्या वर्गात तो शब्द उच्चारून पाहिला तर कोणी 'शोभादरशन' म्हणालं, कोणी 'शोभाबाईचं दर्शन' म्हणालं, आणि शोभा नावाच्या मुलीनं रडायला सुरुवात केली. सत्यशीलानं शब्द पुसला आणि आपला सोपा शब्द फळ्यावर न लिहिता तोंडी सांगितला.

"आपण याला काचनळी म्हणू. म्हणा, काचनळी."

"कांचळी!" वर्ग ओरडला.

वर्गातली निम्मी पोरं नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यातली. त्यांच्या घरी आया-आज्या अंगात जी आरसेकाम केलेली चोळी घालत, तिला तांड्यात कांचळी म्हणत. गावातल्या पोरांनाही तो शब्द माहीत होता. माहीत नव्हता तो फक्त यवतमाळच्या बाईंना.

"न नीट म्हणा. काच-न-ळी."

"कांचळी!"

"शाब्बास. शुक्रवारी प्रत्येकानं आपापली काचनळी स्वतःच्या हातानं करायची. साहेब बघायला येणार आहेत."

वर्गात कुजबुज झाली. नेमसिंग उभा राहिला. तो सातवीचा मॉनिटर, अंगानं दांडगा आणि आज्ञा पाळण्यात त्याहून दांडगा.

"बाई, पोट्ट्यायनं बी कराची?"

"का नाही? विज्ञानात मुलगा-मुलगी असं काही नसतं."

"पन आमच्या तांड्यात बायाच करतेत."

सत्यशीलाला आनंदाचा धक्काच बसला. "तुमच्याकडे करतात?"

"हो तं! जमनीची याडी तं साऱ्या तांड्यात एक नंबर."

याडी म्हणजे आई, एवढं सत्यशीलाला आतापर्यंत कळलं होतं. तिनं जमनीकडे पाहिलं. तांड्यातून सातवीपर्यंत आलेली ती एकटी मुलगी, लाजत उठली.

"जमनी, तुझी आई आरसे कसे बसवते गं?"

"गोल गोल, बाई. दोऱ्यानं बांधते."

"दोऱ्यानं बांधणं बरोबर. पण आपण गोल नाही, लांब बसवू. आणि सगळे आरसे आतल्या बाजूनं."

"आतून?" जमनीचे डोळे मोठे झाले. "आतून लावले तं टोचतीन ना, बाई!"

"कडा दगडावर घासून घ्यायच्या, मग टोचत नाहीत."

"मंग घालाची कशी?"

"घालायची नाही. डोळ्याला लावायची."

"डोळ्याले!"

तेवढ्यात घंटा झाली. सत्यशीलानं घाईघाईनं सामान सांगितलं. "घरून येताना आरशाचे तुकडे आणा, जाड दोरा आणा, कातरी आणा, रंगीत मणी असतील तर आणा. घरी कोणी केलेली काचनळी असली तर तीही घेऊन या, नमुना म्हणून." ती भरभर बाहेर पडली. तांड्यात विज्ञान आधीच पोचलेलं आहे, या विचारानं तिला संध्याकाळचं जेवणसुद्धा गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचा बाप तणतणत हेडमास्तरांकडे आला. "मास्तर, माह्यं पोट्टं शायेत कांचळी शिवून राह्यलं म्हनते. उद्या पोलकं शिवीन, परवा घालीन!"

हेडमास्तरांनी ते ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावरून मोठं ओझं उतरलं. बाईनं स्वतःहून भरतकाम घेतलं होतं! भांडणाशिवाय, तक्रारीशिवाय. "सरकारी हुकूम हाये, भाऊ," त्यांनी बापाला वाटेला लावलं आणि सत्यशीला व्हरांड्यात दिसताच दोन्ही हात जोडले.

"बाई, मानलं तुमाले. पोरं सांगत होती. कांचळी का?"

"हो. काचनळी. तुम्हाला आवडलं ना?"

"आवडलं म्हंजे? दिल खूश झाला."

हेडमास्तर इतके मवाळ झाले आहेत याचं सत्यशीलाला आश्चर्य वाटलं. पण माणूस मवाळ झाला की कारण विचारत बसू नये, असं तिनं ठरवलं. तिथंच चुकलं.

तांड्यात जमनीनं घरी सांगितलं तेव्हा तिची आई लालीबाई चुलीपुढं बाटी थापत होती. बाटी म्हणजे आपली भाकर. जमनीची थोरली बहीण सुखी, हिचं लग्न रविवारवर आलेलं. शनिवारी नवऱ्याकडची माणसं येऊन नवरीचे कपडे पाहणार. सुखीची कांचळी लालीबाईनं पावसाळ्यापासून शिवायला घेतली होती. पुढचा, बाह्यांचा सगळा भाग झाला होता, फक्त गळ्याजवळची एक ओळ राहिली होती. आणि तांड्यातल्या बाया कापूस वेचायला गेल्या की हाताशी कोणी नसे.

"शायेत कांचळी शिकवतेत?" लालीबाईनं कमरेवर पिठाचे हात ठेवले. "ते चष्मेवाली?"

"हो, याडी. डोळ्याले लावाची म्हनते."

"डोळ्याले लावंल नाई तं डोस्क्याले बांधंल, शहरातली हाये. पन आरसे लावतेत ना?"

"हो. साऱ्या वर्गानं लावाचे."

लालीबाईनं हिशोब केला. सारा वर्ग म्हणजे तीस पोरं. एका ओळीला तीस हात लागले तर दुपारपर्यंत काम फत्ते.

"मंग सुखीची घेऊन जा. नमुना दाखवजो अन् रायलेली ओळ करून आनजो. मी येतो मांगून पाहाले."

शुक्रवार उजाडला. पोरं गाठोडी घेऊन आली. कोणाच्या गाठोड्यात आजीची जुनी कांचळी, कोणाच्या मावशीची. गावातली पोरं सुईदोरे घेऊन आली होती. सत्यशीलानं वर्गाच्या दारातून आत डोकावलं तर टाटपट्टीवर लाल-निळ्या फडक्यांची जत्रा भरली होती. आरसे फुटू नयेत म्हणून मुलांनी कापडात गुंडाळून आणले, केवढा समजूतदारपणा, असं तिला वाटलं. इतक्यात हेडमास्तरांनी हाक मारली. साहेबांसाठी मागवलेल्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता आणि त्याखाली नेमकं काय घालावं यावर त्यांना सल्ला हवा होता.

"नेमसिंग," ती दारातूनच म्हणाली, "सगळ्यांचे आरसे काढून या परातीत ठेव. एकही फुटायला नको. मी आलेच."

खुर्चीखाली आधी पाटी घालून पाहिली, ती फुटली. मग भूगोलाचं पुस्तक घातलं, तर खुर्ची दुसरीकडे कलली. हेडमास्तर स्वतः बसून पाहत होते आणि दर वेळी "अजून जरासं" म्हणत होते. सत्यशीला वैतागून वर्गात परतली तेव्हा परात भरली होती. गोल, चमचमते, बोटाच्या पेरापेक्षा मोठे नसलेले आरसे.

"एक बी फुटला नाई, बाई!" नेमसिंग कातरी हातात धरून ताठ उभा होता.

"हे एवढे छोटे आरसे कुठून आणलेत?"

"कांचळीतून काढले."

"कशातून?"

नेमसिंगनं टाटपट्टीवरून एक चोळी उचलून पसरली. तिच्यावर आरशांच्या जागी गोल गोल भोकांसारखे ठिपके राहिले होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती तुटक्या दोऱ्यांच्या मिशा.

"हे काय आहे?" सत्यशीलाचा आवाज बारीक झाला.

"कांचळी, बाई."

"याला म्हणतात? काच... न... ळी?"

"हो, बाई. कांचळी."

सत्यशीला डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या शोधात असल्यासारखी मागे सरकली आणि टेबलावर बसली. "अरे, पण तुम्ही आरसे कापले कायले?" संताप आला की तिची यवतमाळची भाषा बाहेर पडायची.

"तुमीच म्हनलं ना, काढून ठेव. अन् त्या दिवशी म्हनलं का सारे आतून लावाचे. बाहेरचे काढल्याबिगर आतून लागतीन कसे?"

कोपऱ्यात जमनी गुडघ्यांत डोकं घालून रडत होती.

"तुला काय झालं?"

"ते लाल कांचळी सुखीच्या लग्नाची हाये, बाई. परवा लगीन हाये. उद्या पाहुने पाहाले येतेत. याडी मले जित्ती सोडत नाई."

"अगं, मग कापू कशी दिली?"

"तुमी सांगतलं म्हनून."

तेवढ्यात दारात पैंजण वाजले. लालीबाई आली होती, हातभर बलियांच्या बांगड्या, डोक्यावर टुकरीची ओढणी, चेहऱ्यावर लेकीच्या शाळेत पहिल्यांदा आलेल्या आईचं हसू. ते हसू परातीवर गेलं, मग लाल कांचळीवर गेलं आणि तिथून परत आलंच नाही.

"काय करून ठेवलं वं हे!"

पुढची दोन मिनिटं ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलली. सत्यशीलाला एक शब्द कळला नाही, पण तांड्यातली सगळी पोरं एकेक करून खाली मान घालत गेली, त्यावरून अंदाज आला. आवाजानं हेडमास्तर धावत आले.

"काय झालं लालीबाई?"

"ए मास्तर! तुह्या बाईनं माह्या पोरीची कांचळी बोडकी केली. पाहुन्यायले काय दाखवू, भोकं?"

"हे बघ, शिवनाचं सारं बाईकडं हाये."

"शिवण माझ्याकडे नाही!" सत्यशीला ओरडली. "मी विज्ञानाचा पाठ घेत होते!"

"इग्नान गेलं नाल्यात," लालीबाईनं दाराला कडी घातली आणि दारातच बसली. "आरसे लागल्याबिगर एक मानूस बाहेर जानार नाई. माह्या एकटीच्यानं होत नाई अन् तांड्यात आज कोनी नाई. ए चष्मेवाली, धर सुई."

"अहो, साहेब येतील आता!"

"येऊ दे. त्यालेई देऊ एक सुई."

सत्यशीलानं सुई धरली. धाग्याचं टोक सुईच्या भोकाला सोडून इकडेतिकडे सगळीकडे जात होतं. नेमसिंगनं ओवून दिली. तिनं आरसा ठेवला, टोचलं, बोटाला टोचलं, पुन्हा टोचलं, ओढलं. पहिला आरसा लागला. समाधानानं तिनं कांचळी उचलली तर तिच्या पातळाचा पदरही बरोबर उचलला गेला. दोन्ही एकमेकांना पक्के शिवले होते.

लालीबाईनं कपाळाला हात लावला. "अवं, तुह्या मायनं तुले काय शिकवलं?"

"लोहचुंबक," सत्यशीला रडकुंडीला येऊन म्हणाली.

हेडमास्तर खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते. साहेबांची बैलांची दमणी केव्हाही दिसली असती. ते खिडकीतून वळत, वर्गावर नजर टाकत आणि पुन्हा घाईनं रस्त्याकडे पाहत. पण नजर ऐकत नव्हती. पोरांनी चालवलेली सुई, ते वाकडे टाके, त्या गाठी. त्यांच्या मानेची शीर उडायला लागली. अखेर एका पोरानं आरसा बसवायला सुतळीएवढा दोरा चौपदरी केला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"अबे, आरसा शिवून राह्यला का बैल बांधून राह्यला? आन इकडं!"

त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली, मांडी घातली, दोरा दातांनी तोडला, न बघता सुई ओवली. पाहता पाहता एक आरसा बसला. मग दुसरा. आरशावर आधी आडवे-उभे चार ताण, मग भोवती गोल फिरणारा टाका, शेवटी गाठ अशी आत दडपलेली की दिसायला नको. लालीबाईनं दार सोडलं आणि जवळ येऊन वाकून पाहिलं.

"मास्तर, तू तं दरजी निघाला बाप्पा!"

"चूप बस अन् दुसऱ्या बाजूनं लाव," हेडमास्तर खेकसले. त्यांना आता कोणाचंच भान नव्हतं. "नेमसिंग, सुया ओवत राह्य. दोरा हातभरच घे, नाल्याची खोली मोजाची नाई. जमनी, रडू नको, आरसे पूस. तू बे, कायले हसतं? इकडं ये, अंगठा ठेव इथं. असा ताण द्याचा. पाह्यलं? आता तू कर. अरे, नीट कर!"

वैताग वाढत गेला तसे हात अधिक भराभर चालू लागले, आणि ओरडून ओरडून का होईना, पोरं टाका शिकू लागली. सत्यशीलाचा इथं काही उपयोग नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं. लालीबाईनं तिच्या पदराला चिकटलेली बाजू कातरीनं सोडवली, पदराचा तुकडा कांचळीला गेला आणि तिला दाराबाहेर जायची मुभा मिळाली.

व्हरांड्यात तिच्यासोबत चार-पाच पोरं आली, ज्यांच्या हातून सुई हेडमास्तरांनी काढून घेतली होती. सत्यशीलानं यवतमाळहून आणलेल्या आरशाच्या पट्ट्या काढल्या. आता सगळं गेलंच आहे, तर निदान चार पोरांना तरी काचनळी दाखवू, असं म्हणून ती जमिनीवर बसली. तिन्ही पट्ट्या बांधून झाल्या, पुठ्ठा गुंडाळून झाला, मणी भरायचे राहिले होते, आणि समोर धुळीनं माखलेले बूट दिसले.

डिप्टीसाहेब आले होते. दमणीचं चाक वाटेत निखळल्यामुळे चालत आले होते आणि त्यामुळे खिडकीतून कोणालाच दिसले नव्हते.

"हे काय चाललंय?"

"काचनळी, साहेब," सत्यशीला उठत म्हणाली. तिचा फाटका पदर वाऱ्यावर उडत होता. "प्रकाशाचं परावर्तन. मुलं स्वतः करून शिकतायत. एका वस्तूच्या किती प्रतिमा दिसतात ते..."

"बघू."

साहेबांनी नळी डोळ्याला लावली आणि सहज वर्गाच्या उघड्या दाराकडे रोखली. नळी काढून त्यांनी डोळा चोळला, पुन्हा लावली.

"बाई, आत पुष्कळ माणसं सुई चालवताना दिसतायत. सगळी एकसारखी."

"एकच आहेत, साहेब. आमचे हेडमास्तर."

साहेब आत गेले. हेडमास्तरांच्या दातांत दोरा होता, मांडीवर नवरीची कांचळी आणि तिच्यावर मोकळे आरसे. त्यांना उठता येईना आणि बोलताही येईना. ते उठायला लागले तशी लालीबाई ओरडली, "हलू नको, मास्तर! टाका निसटंल!" मग तिनं साहेबांकडे पाहिलं. "तू कोन? उभा काहून हाये? बस, दोरा ओव."

साहेब बसले. दोराही ओवला, तिसऱ्या प्रयत्नात.

दुपारी कांचळी पुरी झाली. गळ्याची राहिलेली ओळही झाली. बाकीच्या कांचळ्या पोरांनी पुढच्या तासांना पुऱ्या करायच्या ठरल्या. लालीबाईनं ती उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि काहीच न बोलता गाठोड्यात बांधली. तिनं काही म्हटलं नाही म्हणजे काम पसंत पडलं, असं जमनीनं बाईंच्या कानात सांगितलं.

साहेब ऑफिसात चहा पीत होते. "बशीर खाँ, या नोकरीत इतकी वर्षं झाली. शिवणकाम बायकांच्या गळ्यात मारणारे हेडमास्तर मी गावोगाव पाहिले. स्वतः जमिनीवर बसून मुलग्यांना शिकवणारा, गावातल्या बाईला वर्गात बोलावून बरोबरीनं काम करणारा, असा तुमच्यासारखा दुसरा पाहिला नाही."

"साहेब, ते असं झालं का..." हेडमास्तर घाम पुसू लागले. "ते फक्त आजच्यापुरतं..."

"विनय पुरे. शिवणाचा तास तुमच्याकडेच राहील. मी तसं लिहितो. शिवाय उन्हाळ्यात तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांचं एक शिबिर घेऊ, तुम्हीच शिकवा."

"अन् विज्ञान?" हेडमास्तरांनी शेवटचा धागा धरून पाहिला.

साहेबांनी सत्यशीलाच्या फाटक्या पदराकडे पाहिलं. "विज्ञान बाईंकडे. यांच्या हातात सुई देऊ नका."

सुखीचं लग्न रविवारी थाटात झालं. तिच्या सासूनं कांचळीचे टाके पाहून विचारलं, कोणी केली? "आमच्या हेडमास्तरानं," असं लालीबाईनं खरंच सांगितलं. विहीणबाई थट्टा करते असं समजून सासू दिवसभर हसत राहिली. लालीबाई पुढं पुष्कळ जगली. शाळेत कोणी नवा मास्तर आला की ती नाला ओलांडून यायची आणि त्याची बोटं पाहून जायची.

सत्यशीलाबाईंनी विज्ञान शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. लग्न यवतमाळच्या एका कंपाउंडरशी केलं. त्यांच्या घरात बटणं तो लावायचा. नेमसिंग एस.टी.त ड्रायव्हर झाला. गाडी बंद पडली की तो आधी सगळे भाग काढून ओळीनं ठेवायचा आणि मग विचारात पडायचा. जमनी तांड्यातली पहिली शिक्षिका झाली. फुलसावंगीकडच्या एका शाळेत ती पहिल्या दिवशी गेली तेव्हा तिनं कोणी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं की ती गणित घेईल. डिप्टीसाहेब नागपूरला बढतीवर गेले आणि तिथं भाषणांतून सावळदरीचं उदाहरण देत राहिले.

बशीर खाँ मास्तरांनी उन्हाळ्याची शिबिरं घेतली, दरवर्षी. बदलीचे अर्जही केले, दरवर्षी. अखेर एकदा बोरी अरबला बदली झाली. गाव लांबचं होतं, ओळखीचं कोणी नव्हतं, आणि शाळेत आधीच दोन बाया शिक्षिका होत्या. ते मोठ्या आनंदानं निघाले. बाजाराच्या दिवशी बैलगाडीतून तिथं उतरले तर शाळेच्या ओट्यावर बायांची रांग बसलेली. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक गाठोडं. बाजारातली बातमी त्यांच्या आधीच्या गाडीनं पोचली होती.

"हेच का ते?" रांगेतल्या म्हातारीनं विचारलं.

मास्तरांनी रांगेच्या शेवटापर्यंत नजर टाकली. ट्रंक खाली ठेवली, टोपी काढून ट्रंकेवर ठेवली आणि ओट्यावर मांडी घातली.

"सुई कोनाकडं हाये?" ते म्हणाले.